तुळईखालचा पाळणा

दिपाली बाळंत होऊन बारामतीहून सासरी आली, तेव्हा तिच्या आधीच घरात दुसरी कुणीतरी येऊन बसली होती.

दोन महिन्यांपूर्वी ती बारामतीला भावाकडे गेली, तेव्हा देव्हाऱ्याखालच्या कोपऱ्यात मुठीएवढं मातीचं ढेकूळ होतं. शेणकाला करताना एकदा काढून टाकू, असं मनात म्हणून ती निघून गेली होती. आता ते गुडघ्याला येईल एवढं झालं होतं. त्याला भंडारा फासला होता, हिरवा खण नेसवला होता, आणि पुढ्यात नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या. सासूनं, सारजाबाईनं, दारातच सुनेवरून आणि नातीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पोर हातात घ्यायच्या आधी सांगितलं, "आई आली गं घरात. आपल्या पायानं आली. पोरीला आदी तिच्या पायावर घाल."

दिपालीनं पोर पायावर घातली. नाही कशी म्हणणार? मागं चार बायका हात जोडून उभ्या होत्या. अंथुर्ण्याहून आल्या होत्या, शेळगावहून आल्या होत्या. घरात वारूळ उगवलंय म्हटल्यावर लोकांना काय, निमित्तच पाहिजे.

या घराची गोष्ट जरा सांगायला हवी. दिपालीचा सासरा आबाजी, त्याचा बाप, त्याचा आजा, सगळे मेंढरांमागं फिरलेले. जन्म पालात, मरण पालात. नीरा कालव्याच्या फाट्याचं पाणी त्यांच्या माळावर फिरलं, माळाचा ऊस झाला, तेव्हा आबाजीनं मेंढरांचं खांड विकलं आणि अंथुर्णे-शेळगावच्या मधे हे दगडमातीचं माळवद बांधलं. मधोमध निंबाची जाडजूड तुळई, तिच्यावर आडवी लाकडं, आणि वर हात-दीड हात माती. त्यांच्या अख्ख्या घराण्यात चार भिंतींचं हे पहिलं घर. आता अशा माणसांना गोचीड कळते. पिसू कळते. मेंढराच्या लोकरीत कुठं काय वळवळतंय हे डोळे मिटून कळतं. पण घराची कीड ओळखायला आधी पाठीशी घर असावं लागतं, आणि ते तर यांच्यापाशी कालपर्यंत नव्हतंच.

वारूळ मात्र त्यांना चांगलं ठाऊक होतं. माळावरचं वारूळ म्हणजे देवाची जागा. तिथं कुणी काठी टेकवत नाही, मेंढरू चढू देत नाहीत. खांड विकल्यापासून सारजाबाईच्या जिवाला एकच घोर होता, की आपण घरात आलो आणि देव मागं माळावरच राहिला. आणि आता तो देव माळ सोडून तिच्या घरात आला होता. म्हातारी हसायला लागली होती. लग्न होऊन आल्यापासून दिपालीनं सासूचे एवढे दात कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पोरीला शेक देताना दिपालीची नजर वर गेली. देव्हाऱ्याच्या मागून मातीची एक रेघ निघाली होती. करंगळीएवढी जाड. भिंतीवरून वाकडीतिकडी वर चढत थेट तुळईच्या टोकापर्यंत गेली होती. त्या भिंतीपलीकडं न्हाणी. भिंत बारा महिने ओली. दिपालीनं नखानं ती रेघ फोडली, आणि आतून पांढुरके, मऊ, तांदळाच्या कणीएवढे किडे सैरावैरा पळाले.

तिनं हात झटक्यात मागं घेतला. तिचे वडील बारामतीच्या मार्केट यार्डात हमाल होते. तिथल्या एका गाळ्यात पोत्यांची थप्पी वरून धडधाकट आणि आतून नुसती माती झालेली तिनं लहानपणी पाहिली होती. वडिलांनी पोत्याला हात लावला आणि हात आत गेला. ते तिच्या अजून डोळ्यांपुढं होतं.

"मामी, ही वाळवी हाय," ती म्हणाली. "तुळईला लागलीया."

सारजाबाईनं कानांवर हात ठेवले. "तोंड धू. आईची लेकरं हायती ती."

मग घरातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं तो किडा ओळखला. म्हस्कू, दिपालीचा नवरा, ट्रॅक्टरवर कारखान्याला ऊस वाहायचा. त्याला उसाची हुमणी माहीत, खोडकिडा माहीत. तो म्हणाला, "हुमणी तर न्हाय. मग काय काळजी हाय?" शेजारची लीलाबाई म्हणाली, भुंगा असंल, भुसा पडतोय का बघ, पडत नसंल तर काई न्हाय. आबाजीनं एक किडा तळहातावर घेऊन बराच वेळ निरखला. "मुंगीच हाय," त्यानं निकाल दिला. "पांढरी."

"मुंगी उजेडात चालती मामा," दिपाली म्हणाली. "तिची कंबर बारीक असती. ही बघा, कंबरच न्हाय. आन ही अंधाराशिवाय पाऊल टाकत न्हाय. मातीचं छप्पर करत करत वर गेलीया. आपल्या छपरात."

"आगं, तुळई निंबाची हाय. मी सवता निवडून आणलीया. निंबाला तोंड लावायची कुणाची बिशाद?"

झालं. निंबाला कीड लागत नाही, हे आबाजीला त्याच्या बापानं सांगितलेलं. त्याचा बाप आयुष्यभर निंबाखाली झोपला होता, निंबाच्या तुळईखाली कधीच नाही. पण हे बोलायचं कुणी?

संध्याकाळी सारजाबाईनं भिंतीला चुना मारला. बारशाला पाहुणे येणार होते. मातीची रेघ चुन्याखाली झाकून गेली आणि भिंत नवरीसारखी दिसायला लागली. तुळईच्या मध्यावर लोखंडी कडी होती, तिला पाळणा टांगायचा ठरलं. वारुळाच्या अगदी समोर. पोरीचं नावही सारजाबाईनं ठरवून टाकलं होतं, म्हाळसा. वारुळातल्या आईवरूनच असणार. दिपालीच्या मनात सोनम होतं. पण नावासाठी भांडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. तिला फक्त त्या कडीखालून आपली पोर बाजूला काढायची होती.

किल्लारीचा भूकंप होऊन वर्ष उलटलं होतं. माळवदाच्या मातीखाली झोपेतच गाडल्या गेलेल्या माणसांच्या गोष्टी अजून बाजारात निघायच्या. हात-दीड हात माती. दिपाली पोरीला पाजताना वर बघायची आणि पदर पोरीवर ओढायची.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी घरात कुणी नाही असं पाहून ती धान्याच्या कणगीवर चढली. घोंगड्या शिवायचा दाभण तिच्या हातात होता. तुळईच्या मध्यावर तिनं टोचून पाहिलं. लाकडानं दाभण अडवला. तिला जरा धीर आला. मग ती एका कणगीवरून दुसरीवर सरकत देव्हाऱ्याकडच्या टोकाला गेली आणि तिथं दाभण टेकवला. जोर लावावाच लागला नाही. भाकरीत बोट जावं तसा तो दोरा ओवायच्या नाकापर्यंत आत गेला.

म्हस्कू घरी आल्यावर तिनं हातात दाभण देऊन त्याला कणगीवर चढवलं. त्यानं स्वतः दाभण घातला. काढला. शेजारी पुन्हा घातला. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"उद्या पाळणा भाईर बांधू," दिपाली म्हणाली. "अंगणातल्या बाभळीला."

"आये ऐकायची न्हाय."

"तुमी सांगून तर बघा."

म्हस्कूनं सांगितलं, आणि जे व्हायचं तेच झालं. सारजाबाई चुलीपुढून ताडकन उठली. "माझ्या नातीचं बारसं झाडाखाली? भिकाऱ्यावानी? घर कशापायी बांधलं मग? छपराखाली पाळणा हलायचा म्हंजी हलायचा. न्हायतर मी अन्नाला शिवायची न्हाय." म्हस्कू खाली मान घालून बाहेर गेला. ट्रॅक्टर घाटातून काढील, पण आईपुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

दिपालीला राग आला. म्हातारीचा आला, नवऱ्याचा त्याहून आला. ती पोर घेऊन बाभळीखाली जाऊन बसली. तिथं आबाजी दोर वळत होता. 

"तिच्यावर डूख धरू नगंस," तो हात न थांबवता म्हणाला. "म्हस्कूच्या आदी आमाला एक पोरगी झाली हुती. कोकणाच्या वाटंवर, पालात. बारसंबी व्हायचं हुतं. पाऊस आला, पाल उडालं. सकाळी बघतुया तर पोर गार पडलेली. आन तोंडाला मुंग्या. सारजा त्या मुंग्या एक एक करून येचत बसली हुती. तवापास्नं तिचं एकच म्हननं. छप्पर पायजे. छपराखाली पाळणा पायजे."

दिपालीचा राग विरघळला, आणि भीती दुप्पट झाली. कारण आता तिला कळलं, की ही बाई अडून बसलेली नाही, ही बाई पोरीला वाचवायला बघते आहे. आपणही तेच बघतो आहोत. आणि दोघींच्या मधे ती तुळई आहे.

बारशाला घर बायकांनी भरून गेलं. पाय ठेवायला जागा नव्हती. पाळण्याला झालर लावली होती, कडीला फुगे बांधले होते. घुगऱ्यांचा वास, उदबत्तीचा धूर, पोरांचा कालवा. दिपाली पोरीला छातीशी धरून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचे डोळे तुळईवरून हलत नव्हते. मधेच वरून चिमूटभर माती पाळण्यात पडली. "आईनं भंडारा उधळला," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी हात जोडले.

"आण पोरीला," सारजाबाई म्हणाली.

दिपाली जागची हलली नाही.  ती बोलली ती अशा आवाजात, की बायका गप्प झाल्या.

"मामी, आई घरात आलीया म्हनता न्हवं? मग आईचा कौल घेऊ. आदी वरवंटा पाळण्यात घालायची रीतच हाय. वरवंटा घाला, पाच गाणी म्हणा, चांगले जोरात झोके द्या. आईनं पाळणा धरला तर मी माझ्या हातानं पोर आत ठिवीन. मागं एक सबूद बोलणार न्हाय."

कौलाला नाही म्हणणं सारजाबाईला शक्य नव्हतं. आईवर इतका भरवसा, आणि कौलाला भिणार? चार बायकांत ते कसं दिसलं असतं? तिनं सुनेकडं रोखून पाहिलं आणि वरवंटा उचलला. त्याला कुंची घातली, कुंकू लावलं, काजळाचा ठिपका दिला. रीतीप्रमाणं बायकांनी तो पाळण्याखालून दिला, वरून घेतला, आणि मग पाळण्यात निजवला. गाणं सुरू झालं.

दिपालीची खात्री होती. दाभण नाकापर्यंत गेलेला तिनं पाहिला होता. दगडाचं वजन, त्यात झोके. पहिल्या गाण्यातच कडी करकरेल, सगळ्यांना ऐकू जाईल, आणि बायका आपणहून बाहेर पळतील. म्हस्कूला तिनं दारातच उभं केलं होतं.

पहिलं गाणं झालं. पाळणा हलत राहिला.

दुसरं झालं. माती पडली नाही, आवाज झाला नाही. तिसऱ्याला लीलाबाईला जोर चढला आणि तिनं पाळणा असा काही झोकला, की झालर वर उडाली. तुळई ढिम्म. चौथ्या गाण्याला दिपाली एक पाऊल मागं, उंबऱ्यावर सरकली. पोर झोपेत ओठ हलवत होती. अरे देवा, हे मी काय बोलून बसले, तिला वाटलं. आपल्याच हातानं आपला गळा बांधून घेतला. तिनं म्हस्कूकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता.

पाचवं गाणं संपलं. बायकांनी आईच्या नावानं चांगभलं केलं. घर दणाणलं.

सारजाबाईनं दोन्ही हात पुढं केले. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा माज नव्हता. डोळे भरून आले होते. "आण गं," ती हळू म्हणाली. "आईनं धरलाया पाळणा. भिऊ नगंस."

 शब्द दिला होता. मागं एक शब्द बोलणार नाही, हेही तिनंच म्हटलं होतं. तिनं पोरीला आणखी घट्ट धरलं, इतकं की पोर दचकून रडायला लागली.

"थांब, आदी ह्यो काढती," म्हणत सारजाबाई वरवंटा काढायला पाळण्यावर वाकली. आणि तशीच वाकलेली राहिली.

कुंचीवर पांढरे किडे पडले होते. पाच गाण्यांच्या झोक्यांनी कडीभोवतीच्या भेगेतून ते गळत होते, आवाज न करता, आणि गाण्याच्या नादात वर कुणी बघितलंच नव्हतं. कुंकवाच्या टिकलीवरून, काजळाच्या ठिपक्यावरून, जिथं बाळाचं तोंड असायचं तिथं ते वळवळत होते.

सारजाबाईनं एक किडा बोटांनी उचलला. मग दुसरा. तिसरा. एक एक करून ती वेचायला लागली. बायकांना काही कळेना. एकट्या आबाजीला दारातून ते दिसलं आणि त्याच्या हातातली पानाची चंची गळून पडली.

मग सारजाबाईनं तो दगड झटक्यात उचलून छातीशी धरला आणि ती किंचाळली, "भाईर व्हा! समद्या भाईर व्हा! पोरं घ्या!"

अशा वेळी कारण विचारायला कुणी थांबत नाही. चेंगराचेंगरी झाली, घुगऱ्यांचं पातेलं लवंडलं, कुणाची चप्पल राहिली. दिपाली सर्वांत आधी अंगणात होती. म्हस्कूनं आईला बखोटीला धरून बाहेर आणलं, आणि पाळणा सोडवायला तो परत आत गेला. शिसवी पाळणा, दुसऱ्याकडून मागून आणलेला. "राहू द्या तो!" दिपाली ओरडली. म्हस्कूनं पाळण्याची दोरी ओढली. गाठ सुटली नाही, अख्खी कडीच खाली आली. तिच्या दांड्यामागं लाकूड नव्हतं. ओली माती होती, मुठीएवढी, आणि तीही वळवळत होती. मध्यावर दाभण अडवला होता तो नुसत्या वरच्या सालीनं. म्हस्कूनं वर पाहिलं आणि पाळणा टाकून उडी मारली.

तो उंबऱ्यात असतानाच मागं आवाज झाला. मोठा नव्हता. जुनं पोतं फाटावं तसा. मग अर्धं माळवद खाली आलं, आणि दारातून धुळीचा लोट अंगणात आला. धूळ खाली बसली तेव्हा देव्हाऱ्याच्या कोपऱ्यावर आभाळ दिसत होतं. वारूळ दिसत नव्हतं. पाळणा दिसत नव्हता. नवा चुना मारलेली भिंत तेवढी उभी होती.

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. बायका एकमेकींची पोरं मोजत होत्या. म्हस्कू खाली बसला होता. दिपालीला रडू येत होतं आणि सासूकडं बघवत नव्हतं. म्हातारीचं घर गेलं होतं, देव गेला होता, आणि ती बाभळीखाली त्या दगडाला मांडीवर घेऊन बसली होती. आबाजी जवळ गेला, त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, आणि बाभळीच्या फांदीला झोळी बांधली. तसल्या झोळ्या त्यानं किती बांधल्या होत्या. हात विसरले नव्हते.

"आण पोरीला," सारजाबाई म्हणाली.

दिपालीनं पोरीला झोळीत ठेवलं. फांदी ओली होती, जिवंत होती. नाव ठेवायला आत्या लागते. म्हस्कूला बहीण नाही म्हणून लीलाबाईला आत्या करायचं ठरलं होतं. ती धुळीनं माखलेला पदर झटकून पुढं झाली.

"तू ऱ्हाऊ दे लीलाबाई," सारजाबाई म्हणाली. "हिला आत्या हाय."

ती उठली. कुंची घातलेला तो दगड तिनं झोळीपाशी नेला आणि पोरीच्या कानाला अलगद टेकवला.  अंगणात कुणी हललं नाही.

"तिचं नाव ठिवायचं ऱ्हाऊन गेलं हुतं," ती म्हणाली. "म्या मनात धरून ठिवलेलं."

आता कुठं दिपालीला समजलं, की ते नाव वारुळावरून आलेलं नव्हतं. ते कितीतरी आधीचं होतं. ती झोळीवर वाकली आणि सासूच्या आधी तिनंच पोरीच्या दुसऱ्या कानात म्हटलं, "म्हाळसा."

"म्हाळसा," सारजाबाई म्हणाली.

नाव घेतलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. बायका पुढं आल्या. लीलाबाईनं सवयीनं मूठ वळली होती. ती तिनं उघडली, आणि सारजाबाईच्या पाठीवर नुसता हात ठेवला. मग एकेकीनं ठेवला.